चालणारा एक, मोजणारे अनेक

तारीख 19 ऑक्टोबर 1868, वार सोमवार. तुम्ही पॅरिसमध्ये, सीन नदीकाठच्या विज्ञान अकादमीच्या देवडीत उभे आहात. या प्रवासात तुमच्याकडे एकच काम आहे, बघण्याचं. कुणाला काही सांगायला जाऊ नका. सांगितलंत तरी उपयोग नाही, कारण ज्या औषधाचं नाव तुमच्या ओठांवर येईल ते निघायला अजून सव्वाशे वर्षं आहेत.

मादाम पाश्चर काहीतरी निमित्त काढून नवऱ्यासोबत दारापर्यंत आल्या आहेत. लुई पाश्चर यांचं वय पंचेचाळीस. सकाळपासून त्यांच्या डाव्या अंगाला मुंग्या येताहेत. दुपारच्या जेवणानंतर थंडी भरल्यासारखं होऊन अंग थरथरलं होतं. तरी गडी घरी थांबायला तयार नाही. एका इटालियन संशोधकाचा रेशीमकिड्यांवरचा निबंध आज वाचायचा आहे म्हणे. बाईंनी देवडीतच एका सहकाऱ्याला गाठून हळूच विनवलंय, की यांना घरापर्यंत सोबत करा. आत पाश्चर नेहमीच्या ठाम आवाजात निबंध वाचतात आणि दोन सहकाऱ्यांबरोबर पायी घरी परततात. तुम्ही मागून त्यांच्या डाव्या पावलाकडे टक लावून चालता. बघून काही कळत नाही.

रात्री नऊच्या सुमाराला ते अंथरुणाला पाठ टेकतात आणि झटका येतो. काही वेळ तोंडातून शब्दच फुटत नाही. मग हाक मारता येते. पुढच्या काही तासांत डावा हात जातो, मग पाय.

आज हे घडलं तर इस्पितळाच्या दारात डॉक्टर सगळ्यात आधी एक प्रश्न विचारतील: पेशंट शेवटचा ठणठणीत कधी होता? उत्तर बघणाऱ्यानेच द्यायचं असतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. ते घड्याळ रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून चालू होतं, घरच्यांच्या लक्षात आलं तेव्हापासून नव्हे. मादाम पाश्चरना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी दिवसभराचा हिशेब दिला असता. सकाळच्या मुंग्या, दुपारची थरथर, सगळं त्यांच्या नजरेत होतं. विचारणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे आज विचारणारे आहेत, पण ‘झोपून उठले की बरं वाटेल’ म्हणत आपण पेशंटला दुपारभर पलंगावर ठेवतो. तोंड वाकडं झालं, हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करायचा असतो, शेजारच्या काकांचं मत घेत बसायचं नसतं.

पॅरिसमध्ये मात्र जळवा आल्या आहेत. त्या काळच्या नामांकित डॉक्टरांनी दोन्ही कानांमागे मिळून सोळा लावायला सांगितल्या आहेत. आपल्या वैद्यांना हा उपाय नवा नाही, सुश्रुतसंहितेत जळवांवर सबंध अध्याय आहे. दिवा धरायला तुम्हालाच पुढे केलंय, तेव्हा जवळून बघा. जळू चिकटताना विशेष दुखत नाही. पोट भरलं की ती आपसूक गळून पडते आणि त्या बारीकशा जखमेतून रक्त मात्र तासन्‌तास झिरपत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. उशीचा अभ्रा बदलावा लागतो. मेंदूत अडलेल्या किंवा फुटलेल्या रक्तवाहिनीशी या सगळ्याचा काही संबंध नाही. डावा हात शिशासारखा जड झाल्याची तक्रार पाश्चर करतात, आणि करू शकतात हेच नशीब. तीनच वर्षांपूर्वी याच शहरात पॉल ब्रोका या सर्जनने दाखवून दिलंय, की बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं. पाश्चर यांचा उजवा भाग दुखावलाय.

म्हणूनच आठवडाही झाला नाही तोच ते रात्री जागायला बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याला नवा शोधनिबंध तोंडी सांगू लागतात. विद्यार्थी आणि सहकाऱ्यांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. एक पाळी तुमचीही.

आता खिडकीतून बाहेर बघा. पाश्चर यांच्यासाठी सरकार नवी प्रयोगशाळा बांधत होतं. झटका आल्याची बातमी पसरली आणि काम थांबलं. माणूस जगेल असं कुणाला वाटत नसताना भिंती कशाला उभारायच्या? कागदावर हा शहाणपणाचा निर्णय. पलंगावरच्या माणसाला मात्र तो कळला, आणि भेटायला आलेल्या सम्राटाच्या लष्करी सहायकापाशी त्यांनी तो बोलून दाखवला. तिसऱ्या नेपोलियनने लिहून कळवलं तेव्हा गवंडी परत आले. पक्षाघात झालेल्या माणसाचं काय होणार याचा निकाल बघणारे किती लवकर लावून टाकतात, त्याचं हे नमुनेदार उदाहरण. आपल्याकडेही दिवाळीच्या आत ‘आता काही खरं नाही’ असं म्हणून दुकान दुसऱ्याच्या नावावर होतं, आणि होळीला माणूस काठी टेकत गल्ल्यावर येऊन बसतो.

नोव्हेंबर संपता संपता पाश्चर पहिल्यांदा उठून खुर्चीत बसतात. झटक्याला तीन महिने होतात न होतात तोच, जानेवारी 1869 मध्ये, ते दक्षिणेकडे रेशीमकिड्यांच्या कामाला निघतात. घरच्यांचा जीव टांगणीला. आगगाडीत आडवं होऊन प्रवास, मग घोडागाडी, मग एक थंडगार भाड्याचं घर. तिथल्या दगडी फरशीवर ते एकदा पडतातही. त्यातूनही उठतात. डावा पाय आयुष्यभर ओढतच राहिला, डावा हात आखडलेलाच राहिला. या अंगानिशी ते आणखी सत्तावीस वर्षं जगले. कुक्कुट कॉलरा, अँथ्रॅक्स, रेबीज, ज्या लसींसाठी आपण त्यांचं नाव घेतो ते सगळं काम झटक्यानंतरचं आहे.

आता 14 नोव्हेंबर 1888 ला उतरा. तुमच्या हातात वर्गणीदारांची यादी आहे. जुलै 1885 मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस मिळाली, तो वाचला, आणि पुढच्याच वर्षी पाश्चर संस्थेसाठी लोकवर्गणी सुरू झाली. रशियाच्या झारने पैसे पाठवले, ब्राझीलच्या सम्राटाने पाठवले, पॅरिसमधल्या एका मोठ्या दुकानाच्या मालकिणीने पाठवले. खाली अगदी साध्या माणसांची नावं आहेत, आणि अल्सेसकडच्या यादीत चक्क छोट्या मायस्टरचंही. एकूण पंचवीस लाख फ्रँकहून जास्त. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष आले आहेत. पाश्चर पाय ओढत येतात, पण भाषण वाचवत नाही. गळा दाटून येतो आणि कागद मुलाला वाचावा लागतो.

या वर्गणीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. त्याच संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन 1896 मध्ये प्लेगच्या मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचं नाव आहे. झारचे फ्रँक आणि त्या पोराची चिल्लर आपल्या आजोबा-पणजोबांच्या दंडापर्यंत पोहोचली, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही.

पण तेव्हा वर्गणी देणाऱ्यांनी पाश्चर यांच्या कामाकडे पाहून पैसे दिले. त्यांच्या चालण्याकडे कुणी पाहिलं नाही.

चालण्याकडे बघायचं तर मेक्सिकोला चला. साल 1959. या खेपेला तुम्ही शेजारी आहात, आणि तुमची भूमिका फारशी चांगली नाही. पलीकडच्या घरात पेद्रो बाख-इ-रिता नावाचे पासष्ट वर्षांचे प्राध्यापक आले आहेत. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवायचे. पक्षाघाताने उजवं अंग गेलंय, वाचाही गेलीय. इस्पितळातल्या महिनाभराच्या व्यायामाने काही फरक पडला नाही. धाकटा मुलगा जॉर्ज इथे डॉक्टरकी शिकतो. तो वडिलांना आपल्याकडे घेऊन आलाय. पक्षाघाताच्या रुग्णाला पुन्हा शिकवण्याबद्दल त्याला काहीही माहीत नाही, आणि तेच बरं झालं, कारण काय अशक्य असतं हेही त्याला माहीत नाही. त्याने ठरवलं, बाळ चालायला शिकतं त्याच क्रमाने जायचं. आधी रांगायचं.

कुंपणावरून बघा. प्राध्यापक भिंतीला दुबळा खांदा आणि दुबळा हात टेकून, गुडघ्यांवर, इंचाइंचाने सरकताहेत. भिंत पडू देत नाही. पँटचे गुडघे मातीने माखलेत. तुम्ही आणि गल्लीतले बाकीचे कुजबुजता, की एवढ्या विद्वान माणसाला पोरगा कुत्र्यासारखा रांगायला लावतो, लाज कशी वाटत नाही! शेजाऱ्यांनी खरोखरच असं म्हटलं होतं. आपण असतो तर आपणही म्हटलं असतं. वरून पोराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

बाप-लेक मात्र थांबत नाहीत. जमिनीवर बसून गोट्या खेळतात, म्हणजे दुबळ्या हाताला गोटी पकडावी लागते. नाणी टाकून ती उचलायला लावतात. भांडी घासायची तर पंधरा मिनिटं या दिशेने, पंधरा मिनिटं उलट्या दिशेने. रांगण्यातून गुडघ्यांवर चालणं, त्यातून उभं राहणं, मग पाऊल. बोलणं परत येतं. टाइपरायटरवर आधी सबंध हात आपटायचा, मग मनगट, मग एकेक बोट. साधारण वर्षभरात गाडी रुळावर येते. अडुसष्टाव्या वर्षी पेद्रो पुन्हा पूर्ण वेळ शिकवू लागतात. निवृत्त झाल्यावर दुसरं लग्न करतात, डोंगर चढतात. बहात्तराव्या वर्षी कोलंबियात मित्रांबरोबर डोंगरात असताना हृदयविकाराने जातात, सुमारे नऊ हजार फूट उंचीवर. शवविच्छेदनात मेंदूची झालेली हानी पाहून थोरला मुलगा पॉल थक्क झाला, कारण ती हानी कधीच भरून आलेली नव्हती. उरलेल्या मेंदूने काम वाटून घेतलं होतं. पॉल बाख-इ-रिता यांनी पुढचं आयुष्य हा मेंदूचा लवचीकपणा अभ्यासण्यात घालवला.

इथे थोडा ब्रेक लावतो. एका माणसाची गोष्ट म्हणजे सगळ्यांचं भविष्य नव्हे, आणि उत्साही नातेवाइकांनी पहिल्या दिवसापासून पेशंटला ओढत फिरवावं असा तिचा अर्थ तर मुळीच नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत पाच देशांतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर हेच तपासलं गेलं. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत, जास्त वेळ आणि जास्त जोरात उठवून चालवलेल्यांपैकी कमी जण पुढे नीट सावरले. त्याच आकड्यांकडे पुन्हा पाहिल्यावर मात्र दिसलं, की एका वेळी थोडंच पण दिवसातून अनेकदा उठणाऱ्यांचं बरं चाललं होतं. थोडं आणि पुन्हा पुन्हा, भिंतीकडेने सरकणाऱ्या पेद्रोंचा रिवाज हाच.

पुढचा मुक्काम इंग्लंड, पण जाता जाता 1941 च्या अखेरीला खडकीला थांबू. सहा आठवड्यांचा बोटीचा प्रवास करून मुंबईत उतरलेला आणि रेल्वेने पुण्याकडे आलेला टॉम मूर नावाचा यॉर्कशायरचा एक तरुण लष्करी अधिकारी इथे छावणीत आहे. पुढे तो सैनिकांना मोटारसायकल शिकवेल. तेवढं पाहा आणि निघा.

एप्रिल 2020. लॉकडाउन. तुम्ही स्लाउमधल्या एका फ्लॅटमध्ये आहात, आई-वडील नाशिकला, विमानं बंद. हातात मोबाइल. पडद्यावर बेडफर्डशायरमधल्या एका घराची बाग, आणि कोट, टाय, छातीवर पदकं अशा थाटात वॉकर ढकलत चाललेले, शंभरीला टेकलेले तेच टॉम मूर. त्यांना पक्षाघात झालेला नव्हता. 2018 मध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, कर्करोगाचे उपचार झाले होते. पण वॉकरची दोन चाकं पुढे, मग एक पाऊल, मग दुसरं ओढत, ही चाल पक्षाघाताच्या घरांत सगळ्यांना ओळखीची. बागेतली फेरी पंचवीस मीटरची. 30 एप्रिलला शंभर वर्षं पूर्ण होण्याआधी शंभर फेऱ्या, म्हणजे सगळे मिळून अडीच किलोमीटर, आणि ब्रिटिश आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीसाठी एक हजार पौंड, एवढाच संकल्प. 6 एप्रिलला सुरुवात झाली आणि 16 एप्रिललाच शंभरावी फेरी झाली. तुम्ही दहा पौंड टाकलेत. तुमच्यासारखे पंधरा लाखांहून जास्त निघाले. वाढदिवसापर्यंत तीन कोटी वीस लाख पौंडांच्या वर आकडा गेला.

लंडनच्या बो भागात, मूळचे सिल्हेटचे आणि तेही शंभरीचे, दबिरुल इस्लाम चौधुरी यांनी हे पाहिलं आणि रमजानचे रोजे धरून घरामागच्या बागेत फेऱ्या सुरू केल्या. चार लाख पौंडांच्या वर जमले.

एवढे पैसे का जमले याचं उत्तर माझ्या मते त्या पंचवीस मीटरमध्ये आहे. पाच हजार किलोमीटर धावणाऱ्याला आपण टाळ्या वाजवतो आणि विसरतो. पंचवीस मीटर प्रत्येकाला माहीत असतात, ते चाळीच्या गॅलरीएवढे असतात. आज दहा झाल्या, उद्या दहा होतील, असं मोजता येतं. मोजणारा माणूस कुंपणावरून कुजबुजत नाही, तो आत आलेला असतो.

याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. टॉम मूर 2 फेब्रुवारी 2021 रोजी गेले. त्यांच्या नावाची वेगळी संस्था पुढे कुटुंबाने काढली होती. तिची ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि नोव्हेंबर 2024 मधल्या अहवालात मुलगी-जावयाने वारंवार गैरवर्तन केल्याचा, संस्थेच्या नावातून खासगी फायदा घेतल्याचा ठपका ठेवला. बागेतल्या फेऱ्यांचे पैसे त्यात नव्हते, कारण ते थेट आरोग्यसेवेच्या निधीत गेले होते. ‘थेट’ या शब्दाखाली रेघ मारून ठेवा.

आता परत या, तुमच्या सोसायटीत. सकाळचे साडेसहा. दुसऱ्या मजल्यावरचे काका पक्षाघातानंतर पहिल्यांदा खाली उतरले आहेत. गुडघा वाकत नाही म्हणून कंबर उचलून पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकतात. चवडा फरशीला घासतो, आणि त्या एकाच बुटाचं टोक झिजलंय. ‘कसं काय, बरं आहे ना?’ म्हणून पुढे जाऊ नका. त्यांना आणि काकूंना विचारून त्यांच्या कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा. तोल गेला तर तिकडेच जातो.

त्यांची तयारी असेल तर फेऱ्यांचा संकल्प करा. अंतर त्यांचा फिजिओ ठरवेल, तुम्ही नव्हे. फिजिओ बहुतेकदा दहा मीटर आखून किती सेकंद लागले ते बघतात. सेकंदाला सुमारे 0.8 मीटरचा वेग आला, की माणूस रस्त्यावर, बाजारात एकटा वावरू शकेल असं धरलं जातं. हा आकडा दर रविवारी जिन्याखालच्या फळ्यावर लिहा आणि फेरीमागे दहा, वीस, पन्नास, ज्याला जे परवडेल ते लावा. काका स्वतःचा खर्च भागवू शकत असतील तर पैसे अशा घरासाठी जमवा, जिथे रिक्षावाला बाप किंवा धुणीभांडी करणारी आई अंथरुणाला खिळलीय. महाराष्ट्रातल्या धर्मादाय इस्पितळांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी आणखी दहा टक्के सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, त्यामुळे भरती असेपर्यंत कुठून तरी सोय लागते. घरी सोडल्यावर महिनोन्‌महिने लागणारी फिजिओची फी, पायाचा स्प्लिंट, वॉकर, यांच्यापाशी घर मोडतं, आणि चालणं नेमकं त्याच महिन्यांत परत यायचं असतं.

इस्पितळातल्या समाजसेवा विभागात जा. मेडिकल सोशल वर्करकडे अशा रुग्णांची नावं असतात. पैसे कुणाच्या खात्यात गोळा करत बसू नका, बिल थेट भरा, आणि पावती त्याच फळ्यावर, काकांच्या वेगाच्या आकड्याखाली चिकटवा.